काळ्या वायरीची गाठ

मी एक जुना दिवा आहे. जुना म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कंदील किंवा समई आली असेल, तर मित्रांनो, तसला मी नव्हे. माझ्यात तेल नाही, वात नाही, काचही नाही. मी हातभर लांब, हातभर रुंद अशी चौकोनी पाटी आहे, आणि माझ्या अंगावर मोहरीएवढे शेकडो दिवे ओळीने बसवले आहेत. सिनेमाच्या आणि टीव्हीच्या शूटिंगसाठी मला बनवलं. माझं वय नऊ वर्षं. आमच्या जातीत नऊ वर्षं म्हणजे पिकलं पानच.

मी ज्या कारखान्यात जन्मलो, तिथे माझं बारसं कुणी केलं नाही. पाठीवर ४१७ असा नंबर ठोकला आणि झालं. पण तुमच्याकडे बाळाला न्हाऊ घालतात तसं मलाही घातलं, फक्त ऊन पाण्याऐवजी थंड पाण्याचा फवारा होता. तासभर चहूबाजूंनी झोडपलं. माझ्या कडेने एक रबराची वळी बसवली आहे आणि प्रत्येक प्लगच्या तोंडावर रबराचं टोपण आहे, त्यामुळे आत थेंबही जात नाही. मला तपासणाऱ्या बाईंनी माझं पोट उघडून कोरडा कागद फिरवला, तो तसाच कोरडा निघाला. त्या म्हणाल्या, "हा टिकेल." तेवढ्यावर मी वर्षभर फुगून होतो.

आणखी एक गोष्ट. माझ्या चारी कोपऱ्यांना खिट्ट्या आहेत. मी आणि माझी तीन भावंडं खिट्टीला खिट्टी लावून एकत्र आलो की मोठा चौकोन होतो, सोळाजण आलो की प्रकाशाची भिंतच. एखादा बिघडला तर त्याला काढून तिथे दुसरा बसवतात, आणि भिंतीला काही फरक पडत नाही. लहानपणी मला याचा अभिमान वाटायचा. हीच गोष्ट पुढे माझ्या जिवाला लागणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

कारखान्यातून मी कॅनडातल्या व्हँकूवरला आलो. शेजारच्या बर्नबीमध्ये दिवे भाड्याने देणारं एक गोदाम आहे, तेच माझं घर. इथे ऑक्टोबरपासून आभाळ जे खाली उतरतं, ते एप्रिलपर्यंत वर जायचं नाव घेत नाही. आणि अशा गावात बारा महिने सिनेमे बनतात. म्हणून इथल्या लोकांना माझ्यासारखा, पाण्याला न भिणारा दिवा लागतो. भर दुपारी सूर्य नसला की सूर्याचं काम मी करायचं. जंगलात, नदीकाठी, गोदीवर, क्रॅनबेरी नावाच्या आंबट फळाच्या पाणी भरलेल्या वाफ्यांत मी उभा राहिलो आहे. एकदा चिखलात तोंडावर पडलो, तर पाइपाने धुऊन पुन्हा उभा केला आणि मी तसाच पेटलो. त्या दिवशी दहा माणसांनी मला शाबासकी दिली. नाकारून काय करू, मला कौतुक आवडतं.

सेटवर दिव्यांच्या मुकादमाला गॅफर म्हणतात. माझी गॅफर नोरीन सँडक्विस्ट. साठीला टेकलेली, उंच, हाताला भाजल्याच्या जुन्या खुणा. तोंडाने फटकळ, पण दिवा पेटवण्याआधी "पेटतोय, डोळे सांभाळा" असं ओरडून सांगितल्याशिवाय तिने एकदाही बटण दाबलं नाही. तिच्या हाताखाली रूबेन नावाचा तिशीतला गडी होता. शिडीवर चढून आमची मान वाकवणं, फिरवणं, बांधणं ही त्याची कामं. सतत थट्टा करायचा. मला तो 'म्हातारबा' म्हणायचा, तेव्हा मी फक्त सहा वर्षांचा होतो.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पिट मेडोजला, नदीच्या बांधावर आमचं शूटिंग चाललं होतं, आणि तिथे वेंडेल कोस्टिक आला.

वेंडेल सत्तावन्न वर्षांचा होता. एकतीस वर्षं त्याने एकाच नाटकगृहात दिवे लावले होते. ते नाटकगृह बंद पडलं. आता त्याला सिनेमाच्या कामगार संघटनेत शिरायचं होतं, आणि त्यासाठी तीस दिवस सेटवर काम करून गॅफरची सही मिळवावी लागते. सही मिळाली की संघटनेचं कार्ड, आणि कार्ड मिळालं की विमा, म्हणजे बायकोच्या औषधांची सोय. दुपारच्या सुट्टीत तो आमच्या ट्रकच्या पायरीवर बसून तिला फोन करायचा, ते मला सगळं ऐकू यायचं.

"ऑलिव्ह, आज सव्विसावा दिवस. हो, पाय कोरडे आहेत. नाही गं, खोटं कशाला बोलू? मोजे बदलले मी."

मोजे बदललेले नसायचे.

रूबेन त्याला 'नाटकवाले' म्हणायचा. "काय हो नाटकवाले, तिसरी घंटा झाली का? चढू का शिडीवर?" वेंडेल हसायचा आणि शिडी घट्ट धरायचा. दोघांची चांगली गट्टी जमली होती. जेवणाच्या गाडीवरचं सूप आणायला रूबेन जायचा आणि न विचारता दोन वाट्या आणायचा.

आता मित्रांनो, मन लावून ऐका, कारण सगळं रामायण एका गाठीमुळे घडलं.

सिनेमावाल्यांची एक रीत आहे. एखादी वायर खराब झाली, कुठे चिरली, प्लग वाकला, की तिच्या टोकाला गाठ मारायची. गाठ दिसली की समजायचं, ही मेली, हिला हात लावायचा नाही. लिहायला वेळ नसतो, पावसात कागद टिकत नाही, म्हणून गाठ. ही रीत कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना ती माहीतच असते.

नाटकवाल्यांची रीत निराळी. तिथे दोन वायरी जोडताना त्या ओढल्या जाऊन सुटू नयेत म्हणून आधी त्यांची एकमेकींत सैल गाठ मारतात. खेळ संपला की गाठी सोडायच्या, वायरी गुंडाळायच्या आणि खुंटीला लावायच्या. गाठ तशीच ठेवून जाणारा माणूस आळशी. वेंडेलने एकतीस वर्षं रोज रात्री हेच केलं होतं.

त्या सोमवारी ट्रकच्या मागच्या फळीखाली एक काळी, पन्नास फुटी वायर चिरडली. रबर कापलं गेलं, नखाएवढी चीर पडली. नोरीनने तिला गाठ मारली आणि कोपऱ्यात टाकली. "ही परत पाठवायची," एवढं बोलून ती गेली. वेंडेल तेव्हा बाहेर पावसात होता. मंगळवारी सकाळी तो एकटाच ट्रक आवरायला आला. कोपऱ्यात गाठ मारलेली वायर पाहून त्याने जिभेने च्च केलं, गाठ सोडली, वायर झटकून सुंदर गुंडाळी केली आणि बाकीच्या चाळीस काळ्या वायरींत टांगून दिली. मी समोरच्या फळीवर होतो. मी पाहिलं. दिव्याला डोळे नसले तरी उजेड पडला की सगळं दिसतं, पण तोंड कुठून आणणार?

त्याच दुपारी बांधावर पावसाचा प्रसंग होता. खरा पाऊस पडतच होता, पण तो कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून टँकर लावून त्याहून मोठा खोटा पाऊस पाडला होता. आम्ही चौघे भावंडं लोखंडी स्टँडवर चौकोन करून उभे. आम्हाला वीज देणारी वायर स्टँडच्या खांबाला बांधून वर आणली होती. ती तीच वायर होती, आणि चीर नेमकी ओल्या लोखंडाला टेकली होती. रूबेन शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढला, माझी मान खाली करायला त्याने एका हाताने खांब धरला. वीज भलतीकडे वाहताक्षणी ती बंद करणारी कळ लावलेली होती, तिने आपलं काम केलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज गेली. म्हणून रूबेन जगला. पण त्या एका हिसक्याने तो मागे फेकला गेला आणि दगडांवर खांद्यावर आपटला.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. तो मी तुम्हाला सांगणार नाही.

वेंडेल त्याच्याजवळ चिखलात गुडघे टेकून बसला होता. "हलू नकोस. माझ्याकडे बघ. रूबेन, माझ्याकडे बघ." रूबेनचे ओठ पांढरे पडले होते. दवाखान्याची गाडी आली, त्याला घेऊन गेली. वेंडेलने स्वतःचा कोट त्याच्या अंगावर घातला होता, तो कोटही गाडीबरोबर गेला.

मग शोध सुरू झाला. पडताना रूबेनचा हात माझ्यावर घासला होता आणि माझ्या एका प्लगचं टोपण निघून लोंबत होतं. नोरीनला तेच दिसलं. तिने टोपण दोन बोटांत धरलं.

"पाणी इथून आत गेलं," ती म्हणाली. "याच्यावर मी सहा वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला."

तिने लाल चिकटपट्टी फाडली, माझ्या कपाळावर आडवी लावली आणि जाड शाईने लिहिलं, 'बाद. पाणी शिरतं.' खाली तारीख. मला खिट्ट्यांतून सोडवलं. माझ्या जागी दुसरा दिवा बसवायला मिनिटभरही लागलं नाही. भिंतीला फरक पडला नाही. मित्रांनो, मला त्या वेळी जे वाटलं त्याला अपमान हा शब्द पुरत नाही. माझ्या पोटात एक थेंबही नव्हता. उघडून कागद फिरवला असता तर कोरडा निघाला असता.

आणि ती वायर? ती कुणीतरी सोडून, गुंडाळून, पुन्हा चाळीस जणींत टांगली.

बुधवारचा दिवस उजाडला. वेंडेलचा एकोणतिसावा. रूबेनच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती, हात पूर्वीसारखा वर जाईल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. ट्रकमध्ये कुणी थट्टा करत नव्हतं. वायरी बाहेर नेऊन पसरून झाल्या होत्या. नोरीन एका वायरीचा वाकलेला प्लग बघत होती. तो सरळ होईना, म्हणून तिने वायरीच्या टोकाला गाठ मारली.

वेंडेल शेजारी उभा होता. त्याने सहज विचारलं, "गाठ कशाला मारतेस?"

"मेली ती."

"म्हणजे?"

"म्हणजे खराब. गाठ म्हणजे हात लावू नका. अरे, पन्नाशी उलटली तुझी, हे काय विचारतोस?"

"आमच्याकडे..." वेंडेल म्हणाला.

नोरीन कॉफी घ्यायला खाली उतरली. वेंडेल तिथेच राहिला. त्याने आधी मोकळ्या खुंट्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे, माझ्या कपाळावरच्या पट्टीकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. ठपका तर माझ्यावर बसून चुकला होता. कुणी काही विचारणार नव्हतं. आज आणि उद्या तोंड मिटून राहिला असता तर परवा हातात कार्ड होतं. त्याने खिशातून फोन काढला, बायकोचं नाव दाबायला अंगठा नेला, आणि न दाबताच फोन परत ठेवला. मी मनात म्हणत होतो, बोल रे बाबा, बोल. माझ्यासाठी नको बोलूस. ती वायर बाहेर पावसात पडली आहे, तिच्यासाठी बोल.

तो ट्रकमधून उतरला. दार उघडंच होतं, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"नोरीन, एक गाठ मी सोडली."

"कुठली?"

"काल सकाळी. ट्रक आवरताना. पन्नास फुटी काळी. कोपऱ्यात पडली होती."

नोरीनने कप खाली ठेवला. "कुठे टांगलीस?"

"बाकीच्यांत."

"ओळखशील?"

"नाही. सगळ्या सारख्याच आहेत. मला वाटलं कुणी आळशीपणाने तशीच ठेवली. आमच्याकडे खेळ संपला की गाठी सोडतात."

ती त्याच्यावर ओरडली नाही. तिने कमरेचा रेडिओ उचलला आणि म्हणाली, "जनरेटर बंद करा. सगळे दिवे बंद. वायरीला कुणी हात लावायचा नाही. मी सांगेपर्यंत नाही."

शूटिंग थांबलं. दिग्दर्शक तणतणत आला. उजेड चालला आहे, नदीत आलेली भरती उतरते आहे, असं बरंच बोलला. नोरीन म्हणाली, "मग उद्याची भरती बघ," आणि पाठ फिरवली.

चाळीस वायरी एकेक करून कोरड्या फडक्याने पुसल्या आणि बोटांनी चाचपल्या. डोळ्यांना ती चीर दिसत नव्हती, रबर पुन्हा मिटलं होतं. बोटांनाच ती कळणार होती. दोन तास गेले. वेंडेलचा हात तेहतिसाव्या वायरीवर थांबला.

ही वायर कुठे होती सांगू? बांधाच्या कडेला एक लोखंडी बाक होतं. त्या दिवशीच्या प्रसंगात ऐंशी वर्षांच्या एका अभिनेत्रीला भिजलेल्या कपड्यांत, अनवाणी, त्या बाकावर बसायचं होतं. वायर बाकाच्या पायाला बांधलेली होती. दर वेळी कळ वेळेवर पडेलच असं नाही, आणि ऐंशी वर्षांच्या काळजाला एक हिसकाही पुरतो.

नोरीनने वायर कापून तिचे दोन तुकडे केले. मग वेंडेलला ट्रकच्या आडोशाला घेऊन आली. दोघंही निथळत होती.

"घरी जा, वेंडेल."

"हो."

"ही सही मी करू शकत नाही. केली तर रूबेनच्या घरी काय तोंड दाखवू?"

"मी मागितली नाही," वेंडेल म्हणाला.

"माहीत आहे मला." ती जमिनीकडे बघत होती. "तुला गाठीचं सांगायचं काम माझं होतं. मी धरून चालले की सगळ्यांना ठाऊक असतं. ते मी कागदावर लिहून देणार आहे, माझ्या नावाने. पण तू आज घरी जा."

त्याने हातमोजे काढून पायरीवर ठेवले आणि चिखलातून बस थांब्याकडे गेला. त्याच्याकडे कोट नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, खरं काय ते बाहेर आलं, मग तुझी सुटका झाली असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण मित्रांनो, त्या गडबडीत माझ्या कपाळावरची पट्टी काढायचं कुणाच्याच ध्यानात आलं नाही. नोरीनच्या मनात रूबेनचा खांदा होता. वेंडेल गेला होता. गोदामात परत आल्यावर तिथल्या माणसाने पट्टी वाचली आणि मला 'बाद' मालाच्या फळीवर सारून दिलं. तो तरी काय करणार, लिहिलेलं त्याने वाचलं.

तिथे मी चौदा महिने होतो. माझी भावंडं कामावर जायची, चिखलाने माखून यायची, धुऊन घ्यायची, पुन्हा जायची. माझ्या रबरावर धूळ बसली. मला बोलता आलं असतं तर एका वाक्यात काम झालं असतं. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर ठपका ठेवणं फार सोपं असतं, आणि तो ठेवून विसरणं त्याहून सोपं. मी रागावलो, मग रडवेला झालो, मग काहीच वाटेनासं झालं. हे शेवटचं सगळ्यात वाईट.

एका जानेवारीत गोदामाच्या मालकाचा आवाज आला. तो कुणाला तरी आत आणत होता. "नोरीनने तीन वेळा फोन केला तुझ्यासाठी. म्हणाली, चूक झाली तर हा माणूस स्वतःहून सांगतो. वायरी तपासायला मला असाच माणूस हवा आहे. पगार बेताचा आहे आणि संघटनेचं कार्ड नाही, आधीच सांगतो."

"चालेल," वेंडेल म्हणाला. केस आणखी पांढरे झाले होते.

तिसऱ्या दिवशी तो बाद मालाच्या फळीपर्यंत पोहोचला. एकेक दिवा काढून, पट्टी वाचून, टेबलावर घेत होता. मला उचललं, पट्टी वाचली, तारीख वाचली आणि तो स्टुलावर बसला. बराच वेळ मी त्याच्या मांडीवर होतो.

"तुला सोडवायला कुणी आलंच नाही का रे," तो हळूच म्हणाला.

त्याने माझी धूळ पुसली, टोपण बसवलं आणि मला फवाऱ्याखाली धरलं. पूर्ण तासभर. मग माझं पोट उघडून कोरडा कागद फिरवला. कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. त्यानंतर लाल पट्टी नखाने कोपऱ्यापासून सोडवली, आणि माझ्या पाठीवरच्या नोंदीच्या पत्र्यावर, जिथे बिघाडाचं कारण लिहितात तिथे, सावकाश लिहिलं, 'दिव्यात दोष नव्हता. खराब वायरीची गाठ मी सोडली होती. वेंडेल कोस्टिक.'

मालक मागून डोकावला. "अरे, 'तपासला, ठीक' एवढं पुरे की. स्वतःचं नाव कशाला? हा पत्रा दिव्याबरोबर जन्मभर फिरतो. उद्या सगळा गाव वाचेल."

"त्याच्या कपाळावरचंही सगळ्या गावाने वाचलं," वेंडेल म्हणाला. "आता हे वाचू दे."

मित्रांनो, मी पुन्हा कामाला लागलो. पहिल्याच दिवशी मला न्यायला ट्रक घेऊन रूबेन आला होता. त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून तो आता ट्रक चालवतो. त्याने पत्रा वाचला. उजव्या हाताने मला उचललं आणि पुढे, स्वतःच्या शेजारच्या सीटवर ठेवलं.

माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कुठे कुणी बांधलेली गाठ दिसली तर सोडण्याआधी विचारा. तुमच्या हातून सुटलीच, तर सांगा, सांगताना जीभ जड झाली तरी सांगा. आणि तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणाच्या कपाळावर तुम्ही कधी चुकून 'बाद' अशी पट्टी लावली असेल, तर ती मनातल्या मनात काढून भागत नाही. उठून त्याच्याकडे जा आणि आपल्या हाताने काढा. ती आपोआप गळून पडत नाही. मी चौदा महिने वाट पाहिली आहे.